टेलिफोन सर्व्हर: पॅच टाकला, पण रीबूट केलं का?

ईपीएबीएक्सच्या (ऑफिसातल्या टेलिफोन एक्सचेंजच्या) कंपनीकडून ‘कर्नलमध्ये’, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, ‘सुरक्षा त्रुटी’ अशी सूचना मेलवर आली, की वाळूजच्या कारखान्यापासून लातूरच्या हॉस्पिटलपर्यंत बहुतेक ठिकाणी ती आयटी बघणाऱ्याच्या इनबॉक्समध्येच पडून राहते. फोन चालू आहेत, ऑपरेटरची तक्रार नाही, मग चालत्या मशीनला हात कशाला लावायचा? विचार समजण्यासारखा आहे. पण आजचं एक्सचेंज म्हणजे रॅकमध्ये बसलेला लिनक्स सर्व्हर आहे. अव्हायाचा कम्युनिकेशन मॅनेजर रेड हॅट लिनक्सवर चालतो. सिस्कोचा कॉल मॅनेजर पाचव्या आवृत्तीपासून विंडोज सोडून लिनक्सवर आला. आपल्याकडच्या लहान-मध्यम ऑफिसांत सर्रास दिसणारे फ्रीपीबीएक्स, इसाबेल आणि जुने इलास्टिक्स हे तर सरळ लिनक्सवर बसवलेलं ॲस्टेरिस्क हे एक्सचेंज चालवणारं सॉफ्टवेअर. लिनक्स कर्नलमध्ये भोक निघालं की ते तुमच्या रिसेप्शनच्या फोनपर्यंत पोचतं. किती मोठं भोक, हे मात्र दर वेळी वेगळं असतं, आणि ते ओळखता आलं तरच कोणती सूचना आजच्या आज हातात घ्यायची आणि कोणती पुढच्या सुट्टीपर्यंत थांबू शकते, ते ठरवता येतं.

सूचना आली की आधी एकच प्रश्न विचारा: या त्रुटीचा फायदा घ्यायला हल्लेखोराला मशीनच्या आत असावं लागतं, की बाहेरून नेटवर्कवर नुसती पाकिटं (डेटाचे छोटे गठ्ठे) पाठवून काम होतं?

बाहेरून होणाऱ्या प्रकाराचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे जून २०१९ मधलं ‘सॅक पॅनिक’, सीव्हीई-२०१९-११४७७ (सीव्हीई म्हणजे उघड झालेल्या त्रुटींच्या यादीतला क्रमांक). नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनी यांनी ते शोधलं. गणित बघण्यासारखं आहे. लिनक्स कर्नल टीसीपीचा, म्हणजे पोच घेत पाठवण्याच्या पद्धतीचा, डेटा ज्या बफरमध्ये ठेवतो, त्यात जास्तीत जास्त १७ तुकडे मावतात आणि इंटेल-एएमडी मशीनवर प्रत्येक तुकडा ३२ केबीपर्यंतचा असतो. समोरच्याने कनेक्शन जोडताना ‘माझा सेगमेंट (एका पाकिटातला डेटा) अगदी लहान, ४८ बाइटचा’ असं सांगितलं, तर हेडर वजा जाता एका सेगमेंटमध्ये खऱ्या डेटासाठी ८ बाइट उरतात. १७ गुणिले ३२ केबी भागिले ८, म्हणजे ६९,६३२ सेगमेंट. पण ही संख्या ज्या खान्यात लिहायची तो १६ बिटांचा, त्यात ६५,५३५ च्या वर मावतच नाही. हल्लेखोराने ठरावीक क्रमाने सॅक (कोणता डेटा पोचला हे सांगणारे संदेश) पाठवले, की खाना उतू जातो, कर्नलची आतली तपासणी फसते आणि तो जागीच थांबतो, यालाच पॅनिक म्हणतात. पासवर्ड लागत नाही, लॉगिन लागत नाही. एक टीसीपी पोर्ट उघडा असला की पुरे.

टेलिफोन सर्व्हरवर असा पोर्ट हमखास असतो. टीसीपीवरच्या सिप या कॉल जोडण्याच्या पद्धतीसाठी ५०६०, तिच्या टीएलएस म्हणजे एन्क्रिप्टेड रूपासाठी ५०६१, एच.३२३ या दुसऱ्या पद्धतीसाठी १७२०, वेब पॅनलसाठी ४४३. ‘आमचे फोन यूडीपीवर (पोच न घेता पाठवण्याच्या पद्धतीवर) आहेत, आम्हाला काय होतंय’ असं म्हणून भागत नाही, कारण कर्नल पडला की यूडीपीसकट सगळंच पडतं. त्यात आणखी एक बारीक गोष्ट अशी, की लिनक्समध्ये ‘कर्नल.पॅनिक’ ही सेटिंग मुळात ० असते, म्हणजे पॅनिक झाल्यावर मशीन आपणहून उठत नाही, कोणी बटण दाबेपर्यंत तसंच बसून राहतं. ती १० केली तर दहा सेकंदांनी रीबूट होतं. जिंतूर किंवा उमरग्याच्या शाखेत रात्री कोणी नसतं, तिथे या एका ओळीचं मोल फार आहे.

पॅच (दुरुस्तीची फाइल) येईपर्यंत सॅक पॅनिकवर दोन तात्पुरते उपाय होते. पहिला, ‘नेट.आयपीव्ही४.टीसीपी_सॅक’ ० करणं. याने आवाजाच्या दर्जाला धक्का लागत नाही, कारण आवाज आरटीपीने म्हणजे यूडीपीवर जातो. पण रात्री कॉल रेकॉर्डिंगचा बॅकअप दुसऱ्या गावी जात असेल आणि मधली लाइन पाकिटं गाळणारी असेल, तर तो चांगलाच रखडतो. दुसरा उपाय, ५०० पेक्षा कमी एमएसएस (सेगमेंटचं कमाल माप) मागणारी सिन, म्हणजे कनेक्शन सुरू करणारी, पाकिटं आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलने टाकून देणं. मात्र ‘टीसीपी_एमटीयू_प्रोबिंग’ चालू असेल तर हा दुसरा उपाय फुकट जातो. असे बारकावे सूचनेच्या शेवटच्या परिच्छेदात असतात, आणि तिथपर्यंत फार थोडे लोक वाचत जातात.

त्याआधीच्या वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, ‘फ्रॅगमेंटस्मॅक’ आलं होतं, सीव्हीई-२०१८-५३९१. कर्नल ३.९ पासून आयपी तुकडे जोडण्याच्या रांगेची जागा बरीच वाढवली होती. त्या रांगेत उलटसुलट तुकडे भरत राहिलं की सीपीयू ते जुळवण्यातच अडकतो, आणि एक्सचेंजवर आवाज तुटायला लागतो. यावर काही जणांनी फायरवॉलवर सगळे तुकडेच बंद करून टाकले आणि नवंच दुखणं उभं राहिलं. कॉल सुरू करणाऱ्या इन्व्हाइट संदेशात कोडेकची (आवाजाच्या डिजिटल रूपांची) लांब यादी आणि एन्क्रिप्शनच्या ओळी आल्या की तो १५०० बाइटच्या पुढे जातो. यूडीपीवर त्याचे तुकडे होतात, आणि तुकडे अडवले की नेमके तेच कॉल लागत नाहीत. बाकीचे लागतात, म्हणून कारण सापडता सापडत नाही. योग्य तात्पुरता उपाय म्हणजे तुकड्यांच्या रांगेची वरची मर्यादा २,६२,१४४ आणि खालची १,९६,६०८ बाइटवर आणणं, आणि शक्य तिथे सिप टीसीपीवर नेणं.

आता आतून होणारा प्रकार. कर्नलमधल्या गाजलेल्या त्रुटींतल्या बहुतेक याच घरातल्या. डर्टी काऊ, सीव्हीई-२०१६-५१९५: २००७ मधल्या २.६.२२ कर्नलपासून ऑक्टोबर २०१६ पर्यंत नऊ वर्षं तशीच पडून होती. सिक्वोया, जुलै २०२१. डर्टी पाइप, सीव्हीई-२०२२-०८४७, मार्च २०२२. नेटफिल्टरमधली सीव्हीई-२०२४-१०८६. या सगळ्यांत साधा वापरकर्ता रूट, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार असलेला, होतो, पण त्यासाठी तो आधी मशीनवर कोड चालवू शकत असला पाहिजे.

इथेच एक्सचेंजवाल्यांचा तर्क ठरलेला असतो: आमच्या सर्व्हरवर लॉगिन कोणाला आहे? मी आणि एएमसीचा माणूस. मग ‘स्थानिक’ त्रुटीची भीती कसली?

लॉगिन मिळवायला पासवर्डच लागतो असं नाही, वेब पॅनलमधलं भोकही पुरतं. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रीपीबीएक्सच्या एंडपॉइंट मॉड्यूलमधली सीव्हीई-२०२५-५७८१९ उघड झाली. १५, १६ आणि १७ या तिन्ही आवृत्त्यांत, लॉगिनशिवाय आत शिरून कोड चालवता येत होता, आणि दुरुस्ती येण्याआधीच तिचा वापर सुरू झालेला होता. २०२२ मध्ये मायटेलच्या मायव्हॉइस कनेक्टमधल्या सीव्हीई-२०२२-२९४९९ मधून लॉरेन्झ नावाची खंडणीखोर टोळी थेट कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये शिरली. दरवाजा होता टेलिफोनची पेटी. असा हल्लेखोर आधी वेब सर्व्हरच्या किंवा ॲस्टेरिस्कच्या साध्या खात्यात उतरतो. त्या खात्याला मर्यादा असतात. पॅच न झालेला जुना कर्नल त्या मर्यादा काढून हातात देतो. रूट मिळाला की लॉग पुसता येतात, कॉलची नोंद बदलता येते, आणि शनिवारी रात्री ऑफिस बंद असताना परदेशी प्रीमियम नंबरांवर तासन्‌तास कॉल लावता येतात. बिल कळतं पुढच्या महिन्यात. म्हणून वेब पॅनल इंटरनेटवर उघडं असेल तर स्थानिक त्रुटीला स्थानिक समजू नका, ती बाहेरूनच आहे असं धरून चाला. आयएसडीची गरज नसेल तर टेलिकॉम ऑपरेटरकडूनच ट्रंकवर, म्हणजे त्याच्याकडून येणाऱ्या लाइनवर, बंद करून घ्या. सर्व्हरवरची बंदी रूट मिळवलेला माणूस काढू शकतो, ऑपरेटरकडची नाही.

टेबलावरच्या फोनलाही कर्नल असतो, हे तर आठवणीतच राहत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे आंग कुई आणि साल्वातोर स्टोल्फो यांनी सिस्कोच्या ७९०० मालिकेतल्या फोनचा कर्नल सिस्टिम कॉलमधून आलेली माहिती नीट तपासत नाही, हे दाखवून दिलं. फोनच्या मागच्या ऑक्स पोर्टला छोटं यंत्र जोडून त्यांनी रिसीव्हर खाली ठेवलेला असतानाही मायक्रोफोन चालू ठेवला. म्हणजे बैठकीच्या खोलीतला फोन ऐकत बसतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. जुलै २०१९ मध्ये व्हीएक्सवर्क्स या रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टिमच्या नेटवर्क स्टॅकमध्ये ‘अर्जंट/११’ नावाने अकरा त्रुटी निघाल्या, त्यातल्या सहा दुरून कोड चालवू देणाऱ्या. ही सिस्टिम आयपी फोनपासून प्रिंटर आणि हॉस्पिटलमधल्या यंत्रांपर्यंत कुठेही असते. सर्व्हरला पॅच आणि फोनला पाच वर्षांपूर्वीचं फर्मवेअर, असं आपल्याकडे नेहमी दिसतं. फोन वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) ठेवा, त्यांचं वेब पान आणि एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची सोय) बंद ठेवा, आणि सर्व्हरच्या पॅचबरोबर फर्मवेअरचीही तारीख एका वहीत लिहून ठेवा.

प्रत्येक सूचना आपल्याला लागू असतेच असंही नाही. डर्टी पाइप कर्नल ५.८ पासून पुढे होती, त्यामुळे ३.१० वर चालणाऱ्या सेंटओएस ७ च्या मशीनला तिचा संबंधच नव्हता. आणखी एक गोंधळ बॅकपोर्टचा. रेड हॅट आवृत्तीचा मुख्य आकडा बदलत नाही, जुन्याच कर्नलमध्ये दुरुस्ती आणून शेपटीचा आकडा वाढवते. त्यामुळे ‘३.१०.०-११६०’ बघून ऑडिटरचा स्कॅनर लाल रंगात पानं भरतो, आणि प्रत्यक्षात त्यातल्या कितीतरी त्रुटी बुजलेल्या असतात. खात्री करायची तर ‘आरपीएम -क्यू --चेंजलॉग कर्नल’ चालवून त्यात सीव्हीईचा क्रमांक शोधा. फेब्रुवारी २०२४ पासून तर लिनक्स कर्नलचे लोक स्वतःच सीव्हीई क्रमांक देतात आणि जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक पडतो. आकडे मोजून घाबरण्यात आता काही अर्थ राहिलेला नाही. एक्सचेंज व्हर्च्युअल मशीनवर असेल तर मात्र खालच्या होस्टचंही, म्हणजे ते ज्या खऱ्या मशीनवर चालतं त्याचंही, बघावं लागतं. जानेवारी २०१८ च्या मेल्टडाऊन-स्पेक्टरच्या वेळी खरा धोका तिथेच होता: एकाच होस्टवर टेलिफोन, टॅली आणि ईआरपी असेल तर शेजारच्या मशीनमधून डोकावता येण्याचा.

आता मूळ मुद्दा. ‘यम अपडेट’ ही नवी पॅकेजं बसवणारी आज्ञा दिल्याने चालता कर्नल बदलत नाही. नवी फाइल डिस्कवर येते, मेमरीत जुनाच कर्नल चालत राहतो. ‘युनेम -आर’ चालता कर्नल दाखवतं आणि ‘आरपीएम -क्यू कर्नल’ बसवलेले सगळे. चालता कर्नल त्या यादीतला सगळ्यात नवा नसेल तर पॅच झालेला नाही, रिपोर्टमध्ये काहीही लिहिलेलं असो. ‘आमच्या सर्व्हरचा अपटाइम सहाशे दिवस’ हे अभिमानाने सांगितलं जातं. त्याचा अर्थ इतकाच, की गेल्या सहाशे दिवसांतली एकही कर्नल दुरुस्ती त्या मशीनवर लागू नाही. लाइव्ह पॅचिंगची सोय असते, पण ती रेड हॅटच्या सदस्यत्वावर आणि ठरावीक त्रुटींपुरती, आणि कंपनीने सीलबंद करून दिलेल्या एक्सचेंजवर ती आपल्या हातात नसते.

रीबूटची भीती निराधार नाही. सहाशे दिवस चाललेलं मशीन उठताना बरंच काही उघडं पडतं. कोणीतरी हाताने टाकलेला ऑपरेटरच्या सिप ट्रंकचा राऊट फाइलमध्ये लिहिलेला नसतो, रीबूटनंतर तो जातो आणि ट्रंक लागत नाही. आयपीटेबल्सचे नियम सेव्ह केलेले नसतात. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो, तारीख मागे जाते, टीएलएसचं प्रमाणपत्र ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं ठरतं आणि फोन नोंदणी करत नाहीत. म्हणून आदल्या दिवशी राऊट, आयपीटेबल्स, माउंट, चालू सेवा आणि ट्रंकची स्थिती या सगळ्याचं आउटपुट एका फाइलमध्ये घेऊन ती सर्व्हरच्या बाहेर ठेवा. /बूट मध्ये जागा आहे का बघा. ती भरलेली असली की नवा कर्नल अर्धवट बसतो आणि मशीन बूटच होत नाही. जुन्या डिस्कच्या मशीनला पूर्ण बंद करून थंड होऊ देऊ नका, सरळ रीबूट द्या. वर्षानुवर्षं फिरत असलेली डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच असं नाही, आणि मे महिन्यात एसी बंद पडलेल्या सर्व्हर रूममध्ये तर नाहीच.

सगळ्यात जास्त फसवणारी जागा म्हणजे पीआरआय कार्ड, ऑपरेटरची ई१ लाइन सर्व्हरला जोडणारं. ॲस्टेरिस्कवर ई१ कार्ड चालवणारा डाहडी हा ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य कर्नलचा भाग नाही. तो ज्या कर्नलसाठी बांधला, त्याच कर्नलवर चालतो. नवा कर्नल घेऊन मशीन उठलं की मॉडप्रोब (ड्रायव्हर चढवणारी आज्ञा) ‘डाहडी सापडत नाही’ म्हणतं. पण ॲस्टेरिस्क सुरू होतं, सिपचे फोन नोंदले जातात, एक्स्टेंशनवरून एक्स्टेंशनला कॉल लागतो. आलेला माणूस दोन एक्स्टेंशन लावून बघतो, ‘सगळं ओके’ म्हणून निघून जातो, आणि सकाळी नऊला कळतं की बाहेरून एकही फोन येत नाही.

हे टाळायचं तर नवा कर्नल बसवतानाच त्याच आकड्याचं ‘कर्नल-डेव्हल’ पॅकेज बसवा आणि रीबूटच्या आधीच त्या कर्नलसाठी डाहडी बांधून घ्या. डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणारी सोय) असेल तर ते आपोआप होतं, पण झालं की नाही हे ‘डीकेएमएस स्टेटस’ ने बघा. डेबियन १२ वर सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल नाकारतो. ते एक तर सही करून घ्या, नाही तर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा. मशीन उठल्यावर ‘डाहडी_सीएफजी -व्हीव्ही’ मध्ये ३१ चॅनेल दिसले पाहिजेत: १ ते १५ आणि १७ ते ३१ आवाजाचे, १६ वा सिग्नलिंगचा. मग ॲस्टेरिस्कमध्ये ‘पीआरआय शो स्पॅन्स’ दिल्यावर ‘अप, ॲक्टिव्ह’ आलं पाहिजे. कार्डावर हिरवा दिवा आहे पण स्पॅन वर येत नाही, असं झालं तर सीआरसी४ ची (लाइनवरच्या चुका तपासण्याची) सेटिंग ऑपरेटरशी जुळते का ते आधी बघा. शेवटी मोबाइलवरून आत आणि आतून मोबाइलवर, असे दोन्ही कॉल लावून, दोन्ही बाजूंनी आवाज ऐकूनच जागा सोडा. काही बिघडलंच तर ‘ग्रबी’ या बूटची निवड ठरवणाऱ्या आज्ञेने जुना कर्नल मूळ निवडीत ठेवा आणि परत रीबूट करा. जुना कर्नल म्हणूनच लगेच पुसायचा नसतो.

हे सगळं तुम्ही स्वतः बांधलेल्या मशीनबद्दल. अव्हाया, सिस्कोसारख्या सीलबंद एक्सचेंजवर कधीही बाहेरच्या रेपॉझिटरीतून कर्नल ओढू नका. तिथे कंपनीचा सिक्युरिटी सर्व्हिस पॅक किंवा तिने दिलेली फाइलच टाकायची, नाही तर सपोर्ट हात वर करतो. जोडी असेल तर आधी स्टँडबाय, तो नीट उठल्यावरच मुख्य.

एका बाबतीत मात्र रीबूटची घाई अजिबात नको. सर्व्हरमध्ये कोणी शिरल्याचा संशय असेल, तर रीबूटने मेमरीतले पुरावे जातात. आधी नेटवर्क केबल काढा, चालू प्रोसेस आणि कनेक्शनची यादी घ्या, डिस्कची प्रत करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. एक्सचेंजवर लॉगरोटेट (जुने लॉग पुसणारा प्रोग्रॅम) बहुतेक वेळा काही आठवड्यांचेच लॉग ठेवतो. ते वाढवा, किंवा लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा.

वेळ निवडणं हेही कामच आहे. साखर कारखान्यात गळीत हंगाम सुरू झाला की एक्सचेंजला कोणी हात लावू देणार नाही, ऊस वाहतुकीची सगळी बोलणी त्यावरच असतात. तिथे एक खिडकी हंगामाआधी सप्टेंबरमध्ये आणि दुसरी हंगाम संपल्यावर, अशी एएमसीतच लिहून घ्या. हॉस्पिटलला हंगाम नाही, म्हणून तिथे पहाटेची वेळ घ्या आणि आपत्कालीन विभागात एक मोबाइल नंबर आधीच जाहीर करून ठेवा. बाहेरून पाडता येणारी त्रुटी असेल तर खिडकीची वाट बघायची नाही. तात्पुरता उपाय त्याच दिवशी लावायचा.

आणि ज्यांचं एक्सचेंज अजून सेंटओएस ७ वर आहे त्यांच्यासाठी: ३० जून २०२४ पासून त्याला मोफत कर्नल दुरुस्ती मिळत नाही. जुन्या इलास्टिक्समधला सेंटओएस तर त्याहून मागचा. तिथे ‘यम अपडेट’ ला ‘काही नवीन नाही’ किंवा ‘सर्व्हर सापडत नाही’ असं उत्तर आलं, तर मशीन सुरक्षित आहे असा अर्थ काढू नका. फ्रीपीबीएक्स १७ डेबियन १२ वर आहे. जुन्या मशीनवरून बॅकअप घेऊन नव्यावर रिस्टोअर करता येतो, पण स्वतः लिहिलेला डायलप्लॅन (कोणता कॉल कुठे जायचा याचे नियम) आणि बाहेरचे मॉड्यूल वेगळे तपासावे लागतात. नव्या डेबियनवर साध्या वापरकर्त्यांना यूजर नेमस्पेस (स्वतःपुरतं वेगळं वातावरण उभारण्याची सोय) उघडी असते आणि सीव्हीई-२०२४-१०८६ सारख्या त्रुटींचा फायदा घ्यायला तीच उपयोगी पडते. एक्सचेंजवर कंटेनर चालत नसतील तर ‘कर्नल.अनप्रिव्हिलेज्ड_यूजरएनएस_क्लोन’ ० करून ती बंद करा.

हलवतानाच आणखी एक खर्च करून टाकावा: पीआरआय सर्व्हरमधल्या कार्डावर न घेता बाहेरच्या ई१-सिप गेटवेवर (ई१ लाइन सिपमध्ये बदलणाऱ्या पेटीवर) घ्या. मग सर्व्हरच्या कर्नलला डाहडीची गरज उरत नाही, पॅच आला की रात्री रीबूट करता येतं आणि सकाळी पीआरआय मुका निघत नाही. गेटवेच्या आतही एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिमच असते. तिच्या फर्मवेअरची ओळ त्याच वहीत, फोनच्या नोंदीखाली लिहून ठेवा.